पालिकेची तक्रार सेवा: डासांना पाच स्टार, गळतीला अर्धा

लोक मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचे लिहितात, मग मुंबई पालिकेच्या तक्रार सेवेचा का नाही लिहायचा, पैसे तर आपण प्रॉपर्टी टॅक्समधून भरतोच आणि सर्विस आवडली नाही म्हणून मोबाईलसारखं दुसरीकडे पोर्ट करायची सोयही नाही. २०२४ चा अख्खा पावसाळा मी ही सेवा वापरली, सोसायटीतल्या डासांसाठी, आईच्या चाळीमागच्या घरगल्लीसाठी आणि माझ्या स्वतःच्या बेडरूमच्या छतासाठी, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून माझा अनुभव बऱ्यापैकी आहे असं समजा. वॉर्ड कुठले ते सांगत नाही, तिथल्या माणसांशी मला अजून गोड बोलायचंय. मी उपनगरात राहते आणि आई शहरात, एवढं पुरे.

तर जुलैत आमच्या सी विंगमधल्या एका मुलाला डेंग्यू झाला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच पपईच्या पानांच्या रसाचे मेसेज सुरू झाले, सेक्रेटरी काकांनी लिहिलं ‘सर्वांनी काळजी घ्यावी’, त्यावर चौदा जणांनी हात जोडले आणि विषय संपला. मी गुपचूप पालिकेचा १९१६ नंबर लावला. हा तोच नंबर जो आपल्याला झाड पडलं किंवा पाणी तुंबलं की आठवतो, पण साध्या तक्रारीही तिथे घेतात आणि चोवीस तास घेतात. दुसऱ्या वेळी लागला. पलीकडची मुलगी मराठीत नीट बोलली, पत्ता घेतला, लँडमार्क घेतला, मग विचारलं, “फवारणी पाहिजे का पैदास कुठे होतेय ते तपासायचंय?” मी म्हटलं दोन्ही लिहा. पाच मिनिटांत तक्रार नंबरचा एसएमएस. इथपर्यंत पाच स्टार, खरंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी कीटकनाशक विभागाची दोन माणसं आली, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पांढरी पळी. आणि गेटवरच वॉचमनला मोठ्याने, “बी-२०४ ची तक्रार आहे ना डासांची?” झालं. सेक्रेटरी काका त्याच वेळी दूध घेऊन येत होते. इथे एक स्टार कापते मी, तक्रार करणाऱ्याचं नाव आणि फ्लॅट नंबर असा चारचौघात पुकारायचा नसतो हे कोणीतरी या लोकांना सांगायला हवं, कारण सोसायटीत पालिकेत तक्रार करणं म्हणजे भावाविरुद्ध कोर्टात गेल्यासारखं असतं.

दोघांतला मोठा होता तो म्हणाला, तक्रार तुमची आहे तर तुमच्या घरापासूनच सुरू करू. मी म्हटलं या ना, आमच्याकडे काय असणार. किचनच्या खिडकीत बाटलीतला मनी प्लांट होता. त्याने बाटलीवर टॉर्च मारला आणि मला हाक मारली, “ताई, या बघा.” पाण्यात बारीक दोरे वळवळत होते. मला दिसेनात इतके बारीक, चष्मा लावल्यावर दिसले. मुलगा मागे उभा राहून हसत होता, आणि मी काय बोलणार, सी विंगवाल्यांच्या नावाने दोन दिवस मनात खडे फोडत होते मी.

पण त्या माणसाने पुढच्या दहा मिनिटांत जे शिकवलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आपण गटाराकडे बोट दाखवतो ना, गटारात होतो तो क्युलेक्स, तो रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा एडिस गटारात जातच नाही, त्याला घरातलं साचलेलं साधं पाणी लागतं, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, ताडपत्रीचा खोलगट भाग, टायर, आणि तो दिवसा चावतो. मलेरियाचा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी त्याहून नखरेल, त्याला टाकीतलं स्वच्छ पाणी आवडतं. अळीवरून ओळखायचं कसं तेही सांगितलं, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी मलेरियाच्या डासाची, आणि शेपटी वर करून तिरकी लटकलेली बाकीच्यांची. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची, कोरडा दिवस म्हणतात तो याच हिशोबाने. मी विचारलं आणि धूर? तर म्हणतो, “धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्यांना काही होत नाही. पण धूर मारला की लोक खूश होतात, आणि नाही मारला की तक्रार करतात.” हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता हे त्याचं सौजन्य.

मग गच्चीवर. आमच्या तीन टाक्यांपैकी एकीचं झाकण तडकलेलं, त्यावर कोणीतरी प्लायवूडचा तुकडा आणि वर वीट ठेवलेली, आणि शिडीच नाही. शिडी मुलं चढतात म्हणून काढून मीटर रूममध्ये कुलपात ठेवली होती, चावी सेक्रेटरी काकांकडे, काका तोपर्यंत देवपूजेला बसलेले. टाकीला घट्ट झाकण आणि तपासायला चढता येईल अशी शिडी पाहिजे असा मुंबईत नियमच आहे, आणि तो आजचा नाही. शेवटी काका आले, शिडी आली, टाकीत आडव्या अळ्या निघाल्या. नोटीस सोसायटीच्या नावाने, घेणार सेक्रेटरी. काकांनी सही केली आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. आमच्या मुलांच्या मुंजीला एकमेकांच्या घरी पंगती उठल्यात हो, असं बघायची काही गरज नव्हती.

आठ दिवसांत नवीन झाकणं आली. आठ दिवसांत! रंगकामाचा ठराव तीन वर्षं पडून आहे आमच्याकडे. मी जनरल बॉडीत दोनदा टाकीबद्दल बोलले होते तर मिनिट्समध्ये ‘चर्चा झाली’ एवढंच आलं होतं, आणि पालिकेच्या एका कागदाने काम झालं. म्हणून डासांच्या खात्याला माझ्याकडून फुल मार्क, गेटवर ओरडण्याचा तो एक स्टारही माफ.

आता आईकडची गोष्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घरगल्ली म्हणजे दोन जुन्या इमारतींच्या पाठींमधली चिंचोळी जागा, एक माणूस आडवा होऊन जाईल इतकी. फ्लश यायच्या आधी संडासातला मैला टोपल्यांतून उचलून न्यायला ही वाट ठेवलेली असायची, आता तिथून ड्रेनेजचे पाईप जातात आणि वरच्या मजल्यांवरून लोक जे टाकतात ते पडतं. डायपर, अंड्याची टरफलं, करवंट्या, एकदा तर अख्खी उशी. आणि मग उंदीर. पावसात उंदरांचं मूत पाण्यात मिसळतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो हे २००५ च्या पुरानंतर मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही, पाण्यातून चालून आलात, पायाला जखम असेल तर डॉक्टरला विचारून डॉक्सीसायक्लिन घ्या ही जाहिरात दर पावसाळ्यात येतेच.

ही तक्रार मी ॲपवरून केली, फोटो टाकता येतो म्हणून. मायबीएमसीचं ॲप आहे, व्हॉट्सॲपवर चॅटबॉटही आहे जानेवारी २०२२ पासून, चॅटबॉट जास्त सोपा, आईसुद्धा वापरू शकेल असा, फक्त तिला तो माणूस वाटतो आणि ती त्याला ‘बरं बाळा’ असं लिहिते. तर तक्रार टाकली, चौथ्या दिवशी मेसेज, तक्रारीचं निवारण झालं, सोबत फोटो, स्वच्छ गल्ली, चुन्याची पांढरी पावडर मारलेली. मी आईला फॉरवर्ड केला. आई म्हणाली, “छान आहे गं, पण ही कोणाची गल्ली?” आमच्या गल्लीत पाईप बिडाचे, काळे, आणि फोटोत हिरवे प्लास्टिकचे. कोणीतरी दुसरीकडचा फोटो लावून आमची तक्रार बंद करून टाकली होती. कर्मचाऱ्याने की ठेकेदाराच्या माणसाने ते मला कधीच कळलं नाही.

या सेवेचा खरा रोग मला विचाराल तर हा आहे. माणसं वाईट नाहीत, यायला उशीर होतो तोही समजू शकतो, पण तक्रार ज्याच्यावर आहे तोच ती ‘क्लोज्ड’ करू शकतो आणि करायच्या आधी तक्रारदाराला एक फोनसुद्धा करत नाही. परीक्षेचा पेपर ज्याने लिहिला त्यानेच तपासायचा. मी परत १९१६ लावला तर त्यांनी नवीन तक्रार घेतली, नवीन नंबर, म्हणजे रेकॉर्डवर पहिली यशस्वी, दुसरी आत्ता आली.

मग मी हाफ डे टाकून त्या वॉर्डच्या घनकचरा खात्यात गेले. नगरसेवकाकडे जाता आलं असतं एरवी, पण तेव्हा नगरसेवकच नव्हते, मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली आणि प्रशासकाचा कारभार, माजी नगरसेवकाच्या ऑफिसात फक्त कॅलेंडर मिळालं. वॉर्डात मात्र एका बाईंनी फोटो बघितले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, काही बोलल्या नाहीत, फोन उचलून कोणा मुकादमाला म्हणाल्या, “उद्या तू स्वतः जायचंस, आणि काम झाल्यावर या ताईंच्या आईसोबत फोटो काढून मला पाठवायचा.” असा हुकूम मी आयुष्यात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुकादम चार माणसं घेऊन आला, गमबूट, हातात फावडी, आत एका वेळी एकच जण शिरू शकतो म्हणून आळीपाळीने, तीन तास, बावीस पोती कचरा निघाला. आईने सगळ्यांना चहा केला, फोटोसाठी साडी बदलली. मुकादम जाताना चाळीच्या चौकात उभा राहून वर बघत ओरडला की खिडकीतून टाकायचं बंद करा, आत उतरणारीही माणसंच आहेत. वर तीन खिडक्या बंद झाल्याचा आवाज आला.

उंदरांचं खातं वेगळं, ते परत कीटकनाशकवाल्यांकडे. रात्री काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारी माणसं आहेत पालिकेची, एका रात्रीत तीस उंदरांचं टार्गेट असतं त्यांना. दोन रात्री येऊन गेले, आईला झोपेत काठीचा आवाज आला म्हणे. हे काम करणाऱ्याला काय रिव्ह्यू देणार, मी फक्त हात जोडते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा तपासणीवाले घरात शिरतील म्हणून लोक आजारी माणसं लपवून ठेवायचे, आजीकडे तिच्या सासूच्या तोंडच्या गोष्टी होत्या त्याच्या. आणि आता मी हाफ डे टाकून तपासणीवाल्याला घरी बोलवायला जाते.

पाण्याची एक छोटी तक्रार मध्येच झाली, नळाला वास येत होता, माणूस आला, क्लोरीन तपासलं, सॅम्पल बाटलीत घेतलं, दोष आमच्याच जमिनीखालच्या टाकीचा निघाला, साफ करून घेतली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, काम झालं.

आता छत. माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यात जूनपासून ओल, ऑगस्टमध्ये थेंब. वर ३०४ चं बाथरूम. ३०४ च्या काकू म्हणतात आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, पाऊस असेल. आता पाऊस तिसरा मजला चुकवून थेट दुसऱ्यावर कसा येतो हे त्यांनाच माहीत, आमची बिल्डिंग चार मजली आहे.

मी आधीच्या दोन विजयांच्या नशेत होते. १९१६ लावला, ‘गळती’ म्हटलं. मुलीने विचारलं पाण्याच्या लाईनची की ड्रेनेजची की इमारत धोकादायक आहे? मी म्हटलं छताची. तिच्या लिस्टमध्ये छत नव्हतं. मग तिने ‘इमारत’ मध्ये टाकलं, आणि इथे चूक झाली. कारण इमारत व कारखाने विभागाचा इंजिनिअर आला तो ओल बघायला नाही, बिल्डिंग पडतेय का बघायला आला. त्याने छताकडे दहा सेकंद बघितलं आणि सेक्रेटरी काकांना विचारलं, इमारत कधीची? १९८८. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालीय? काका गप्प. तीस वर्षांवरच्या इमारतीला पालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली ऑडिट करून सर्टिफिकेट द्यावं लागतं, आणि आम्हाला तेव्हा छत्तीस झालेली.

काकांनी माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर नुसता हाहाकार. कोणीतरी लिहिलं सी-१ लावतील, घरं खाली करावी लागतील. म्हणून हे सांगून ठेवते, उगाच घाबरू नका. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे थोडा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. हे ग्रेड ऑडिटवरून ठरतात, एका ओल्या कोपऱ्यावरून नाही, आणि दोन इंजिनिअरांचे रिपोर्ट एकमेकांच्या उलट आले तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते. शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, इमारतींचं आणखी निराळं, त्या म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, आईची चाळ त्यात येते. ऑडिटला खर्च येतो म्हणून लोक टाळतात, पण २०१७ ला घाटकोपरची साई दर्शन पडून १७ माणसं गेली ते आठवा, तळमजल्यावर तोडफोड चालू होती आणि वर लोक राहत होते. आमचं ऑडिट झालं शेवटी. सी-३ आलं. काकांचा जीव भांड्यात पडला, माझी गळती मात्र तशीच.

मी परत वॉर्डात गेले. इमारतवाले म्हणाले हे स्ट्रक्चरल नाही. आरोग्यवाले म्हणाले ड्रेनेजचं घाण पाणी असेल तर आम्ही बघू, तुमचं स्वच्छ आहे. स्वच्छ असल्याचा असा तोटा पहिल्यांदाच बघितला. तिसऱ्या टेबलावर एक रिटायरमेंटला आलेले गृहस्थ होते त्यांनी बसवलं, पाणी दिलं आणि खरं सांगितलं. दोन फ्लॅटमधली गळती पालिकेच्या हातात फारशी नसते. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाईपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची ज्याच्या त्या सभासदाने. सोसायटी हलत नसेल तर तुमच्या वॉर्डचे सहकारी संस्थांचे उपनिबंधक, सभासदा-सभासदांत वाद असेल तर सहकार न्यायालय, सहकार कायद्याचं कलम ९१. आणि आमच्या खात्याने काय केलं हे कागदावर हवं असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग हळूच म्हणाले, “कोर्टात जाण्याआधी वरच्यांच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओता, तुमच्याकडे रंगीत थेंब आला की वादच मिटला.”

हा माणूस आधी भेटला असता तर माझे दोन हाफ डे वाचले असते. १९१६ च्या लिस्टमध्ये नेमका हाच सल्ला नाही, ‘हे आमचं काम नाही, अमुक ठिकाणी जा’ असं एक बटण असतं तर मी त्यालाही पाच स्टार दिले असते. त्याऐवजी तक्रार इकडून तिकडे फिरते आणि शेवटी मेसेज येतो, निवारण झाले.

रंगाचा प्रयोग केला आम्ही. म्हणजे सेक्रेटरी काकांनीच मध्यस्थी केली, मला वाटतं मी चौथी तक्रार करीन याची धास्ती घेतली त्यांनी. ३०४ च्या नहाणीत निळा रंग ओतला, दुसऱ्या दिवशी माझ्या छताला निळा डाग. काकू म्हणाल्या, “अगं बाई, खरंच की.” टाईल्स फोडून वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं, पण लेकीचं बाळंतपण आहे, ते झालं की. मग दिवाळी झाली की. मग बारसं. बाळ आता चालायला लागलंय.

सोसायटीच्या बोर्डावर मात्र अजून कागद आहे, ‘मा. सेक्रेटरी यांच्या पुढाकाराने सर्व टाक्यांना डास प्रतिबंधक झाकणे बसवण्यात आली.’ असू दे. माझ्या बेडरूममध्ये निळ्या डागाखाली बालदी आहे आणि ती मी आठवड्यातून दोनदा आठवणीने पूर्ण रिकामी करून, घासून, उलटी ठेवते थोडा वेळ, कारण परत टॉर्च घेऊन कोणी आलं तर सुरुवात बी-२०४ पासूनच होणार.